मोंबासात उतरलेली केबल, कंपालात ठरणारा भाव

केनियाच्या मोंबासा बंदरात समुद्राखालच्या केबलमधून उतरलेली बँडविड्थ युगांडाची राजधानी कंपाला येथे पोहोचेपर्यंत महाग झालेली असते. दोन शहरांमधले अंतर रस्त्याने साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाला ते कापायला सहा-सात मिलिसेकंद पुरतात. वाटेत माल नासत नाही, झिजत नाही, गोदामात पडून राहत नाही. तरीही भाव वाढतो, आणि तो किती वाढतो हे गेल्या वीस वर्षांत वेळोवेळी बदलत आले आहे. याचे कारण ग्राहकाला कधीच न दिसणाऱ्या एका बाजारात सापडते, तो म्हणजे दूरसंचाराचा घाऊक बाजार. पूर्व आफ्रिकेत हा बाजार फार थोड्या काळात, जवळजवळ शून्यातून उभा राहिला. म्हणून तो कसा चालतो आणि त्यात संधी कुठे निर्माण होतात, हे समजून घ्यायला तिथले उदाहरण विशेष उपयोगी आहे.

कंपन्यांनी कंपन्यांना विकलेली सेवा

मोबाइल ग्राहक डेटा पॅक घेतो तो किरकोळ व्यवहार. पण पॅक विकणाऱ्या कंपनीकडे त्या सेवेला लागणारे सगळे स्वतःचे असतेच असे नाही. समुद्राखालची केबल एखाद्या कंपनी-समूहाची असते. किनाऱ्यापासून राजधानीपर्यंतची फायबर दुसऱ्याची, टॉवर तिसऱ्याचा, आणि परदेशी नेटवर्कशी जोडणी चौथ्याकडून घेतलेली असते. दूरसंचार कंपन्यांनी एकमेकींना क्षमता, मार्ग, जागा किंवा जोडणी विकण्याच्या या व्यवहारांना घाऊक दूरसंचार म्हणतात. काही कंपन्या तर फक्त हेच करतात. त्यांचा एकही सामान्य ग्राहक नसतो.

या बाजाराचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीला होतो. केबल टाकायला कोट्यवधी डॉलर लागतात, मात्र एकदा ती टाकली की तिच्यातून आणखी एक गिगाबिट पाठवायला फारसा खर्च येत नाही. विकणारा एकटा असेल तर तो हवा तो भाव लावू शकतो. दोन-तीन विक्रेते आले की प्रत्येकाला आपली रिकामी क्षमता कोणत्याही भावाला का होईना, विकायची असते आणि भाव वेगाने कोसळतात. पूर्व आफ्रिकेत भाव कधी चढले आणि कधी उतरले, याचा उलगडा या एका गुणातून बराचसा होतो.

२००९ पूर्वीची स्थिती

२००९ च्या मध्यापर्यंत दक्षिण आफ्रिका ते जिबूती या लांबलचक पूर्व किनाऱ्यावर मुख्य भूमीला समुद्री केबलच नव्हती. नैरोबी, दार-ए-सलाम, कंपाला ही शहरे उपग्रहावर अवलंबून होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतो. संदेश तिथे जाऊन परत येण्यातच पाव सेकंद जातो. एका मेगाबिटसाठी महिन्याला काही हजार डॉलर मोजावे लागत. भाव एवढा असल्यामुळे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या थोडीशी क्षमता घेत आणि ती असंख्य ग्राहकांत वाटत.

केबल नाही म्हणून भाव चढा, हे स्पष्टीकरण मात्र अपुरे आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००२ सालीच सॅट-३ ही केबल सुरू झाली होती. नायजेरिया, घाना अशा देशांत ती किनाऱ्याला लागली, पण बहुतेक देशांत तिचे प्रवेशद्वार एकाच, बहुधा सरकारी, कंपनीच्या हाती होते. इतर कंपन्यांना क्षमता हवी असेल तर तिच्याकडूनच आणि तिच्याच भावाने घ्यावी लागे. केबल असूनही अनेक कंपन्यांनी उपग्रह सोडला नाही, कारण दोहोंच्या भावात पुरेसा फरकच नव्हता. पूर्वेकडच्या देशांनी हा अनुभव जवळून पाहिला होता, आणि पुढे त्यांच्याकडे जे वाद झाले त्यांचे मूळ त्यात आहे.

तीन केबल, मालकीच्या तीन पद्धती

पूर्व किनाऱ्यासाठी ईस्टर्न आफ्रिका सबमरीन केबल सिस्टीम या केबलची चर्चा २००३ पासून चालू होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘ईझी’ असा होतो. दूरसंचार कंपन्यांना सभासदांपुरता मंडळासारखा करार हवा होता. पैसे घालणाऱ्यालाच क्षमता मिळावी, असा त्यांचा आग्रह. सरकारे आणि विकास बँकांना मात्र सॅट-३ ची पुनरावृत्ती नको होती. जो परवानाधारक येईल त्याला समान भावाने क्षमता मिळावी, म्हणजे प्रवेश खुला असावा, ही त्यांची अट होती. हा वाद वर्षानुवर्षे लांबला.

केनियाने वाट पाहणे सोडले आणि मोंबासा ते संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा अशी स्वतःची केबल आखली. तिचे नाव टीम्स. तिच्यात केनिया सरकार, सफारिकॉम आणि टेल्कॉम केनियासारख्या स्थानिक कंपन्या आणि अमिरातीची एतिसलात असे भागीदार होते. त्याच वेळी खासगी गुंतवणूकदारांची सीकॉम ही केबल पुढे सरकली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया आणि जिबूती यांना जोडून तिची एक वाट इजिप्तमार्गे युरोपकडे जाते आणि दुसरी थेट मुंबईला येते. २३ जुलै २००९ रोजी सीकॉम सुरू झाली. टीम्स त्याच वर्षी आली. ईझी २०१० मध्ये कार्यान्वित झाली आणि दक्षिण आफ्रिकेतील म्तुन्झिनी ते पोर्ट सुदान असा सुमारे १०,००० किलोमीटरचा पल्ला तिने जोडला.

ईझीच्या वादातून निघालेला तोडगा या क्षेत्रातला फार महत्त्वाचा शोध मानायला हवा. समूहाच्या आत वेस्ट इंडियन ओशन केबल कंपनी नावाची वेगळी कंपनी काढण्यात आली. लहान-मोठ्या १४ आफ्रिकी दूरसंचार कंपन्या तिच्या मालक आहेत आणि तिला विकास बँकांचे अर्थसाह्य मिळाले. एकट्याने समूहात शिरण्याची ऐपत नसलेल्यांनाही तिच्यामार्फत वाटा मिळाला. शिवाय बाहेरच्या कंपन्यांना खुल्या पद्धतीने क्षमता विकण्याचे बंधन तिच्यावर होते. तीच ईझीची सर्वांत मोठी भागधारक झाली.

म्हणजे सव्वा वर्षाच्या आत एकाच किनाऱ्यावर तीन वेगवेगळे विक्रेते उभे राहिले, एक खासगी, एक सरकारच्या पुढाकाराचा आणि एक कंपन्यांच्या समूहाचा. त्यांचे हितसंबंध वेगळे असल्यामुळे संगनमत करणे अवघड होते. घाऊक भाव उपग्रहाच्या काळाच्या मानाने अगदी खाली आले आणि पुढच्या दशकभर घसरत राहिले.

क्षमता विकत घेण्याच्या रीती

महिन्याच्या भाड्याने क्षमता घेणे हा सर्वांत सोपा प्रकार. पण मोठ्या कंपन्या बहुधा दीर्घ मुदतीचा वापरहक्क घेतात. मुंबईतल्या पागडीच्या खोलीवरून त्याची कल्पना येईल. सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, त्यानंतर किरकोळ वार्षिक रक्कम, आणि खोली वापरण्याचा, पुढे दुसऱ्याला देण्याचाही हक्क मिळवायचा. घराची मालकी मात्र मूळ मालकाकडेच राहते. केबलच्या बाबतीत हा हक्क साधारण १५ ते २५ वर्षांचा असतो आणि वार्षिक रक्कम देखभालीसाठी असते. केबल टाकणाऱ्याला ही पद्धत सोयीची पडते, कारण बांधकाम सुरू होण्याआधीच हक्क विकून भांडवलाचा मोठा भाग उभा करता येतो. घेणाऱ्याला वर्षानुवर्षांचा भाव निश्चित करून मिळतो. मात्र बाजारभाव कोसळत असताना ज्याने लवकर हक्क घेतला, त्याच्या गळ्यात महाग क्षमता पडते. पूर्व आफ्रिकेत आधी भरलेल्या चढ्या रकमा वसूल करण्यासाठी किरकोळ दर कमी करायला कंपन्यांनी उशीर लावला, त्यामागे हेही एक कारण होते.

> चौकट: घाऊक बाजारातला माल
>
> डार्क फायबर: नुसता काचेचा तंतू. दोन्ही टोकांची यंत्रे घेणाऱ्याने स्वतः बसवायची. खर्च जास्त, पण पुढे क्षमता वाढवणे स्वतःच्या हाती.
>
> तरंगलांबी: एकाच तंतूतून वेगवेगळ्या रंगांचे प्रकाशकिरण पाठवता येतात. त्यांतला एक रंग भाड्याने घेणे.
>
> आयपी ट्रान्झिट: जगातल्या कोणत्याही संकेतस्थळापर्यंत डेटा पोहोचवण्याची हमी. घेतलेल्या मेगाबिटनुसार पैसे.
>
> पीअरिंग: दोन नेटवर्कनी आपापल्या ग्राहकांचा डेटा एकमेकांना थेट देणे, बहुधा पैसे न घेता.
>
> टर्मिनेशन: दुसऱ्या कंपनीकडून आलेला कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क.

समुद्र स्वस्त झाला, जमीन महाग राहिली

केबल किनाऱ्याला लागल्यावर अडचणीची जागा बदलली. मोंबासात क्षमता मुबलक झाली, पण ती आतल्या देशांत नेण्यासाठी जमिनीवरची फायबर थोड्याच कंपन्यांकडे होती. युगांडा, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, इथिओपिया या देशांना समुद्रकिनारा नाही. कंपालाला येणारी फायबर प्रामुख्याने बुसिया आणि मलाबा या केनियाच्या सीमेवरील ठाण्यांतून येते, दुसरी वाट टांझानियाच्या मुटुकुलाहून. प्रत्येक सीमेवर परवाना बदलतो. अनेकदा एका देशाची कंपनी आपली फायबर सीमेपर्यंत आणते आणि तिथून पुढे दुसऱ्या देशाची कंपनी ती उचलते. दोघींचा नफा, दोन सरकारांचे शुल्क, रस्त्याकडेला खोदण्याची स्थानिक परवानगी, आणि रस्तारुंदीकरणात वारंवार तुटणाऱ्या तारा जोडण्याचा खर्च हे सगळे भावात मिसळते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. कंपालातला भाव अंतरामुळे कमी आणि वाटेवरच्या नाक्यांमुळे जास्त वाढतो.

या नाक्यांवर दोन प्रकारांनी उपाय झाला. पहिला, आधीपासून उभ्या असलेल्या सोयींचा वापर. उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर जी भूसंपर्क तार असते, तिच्या पोटात फायबर घालता येते. केनियाच्या वीज कंपनीने असे तंतू दूरसंचार कंपन्यांना भाड्याने दिले. भारतात रेल्वेमार्गालगतची फायबर विकणारी रेलटेल याच जातीची. जमीन नव्याने मिळवावी लागत नाही आणि खोदकामात तार तुटत नाही, हे दोन्ही फायदे खरे आहेत. दुसरा उपाय म्हणजे एकाच कंपनीने अनेक देशांत परवाने घेऊन सीमापार अखंड मार्ग विकणे. झिम्बाब्वेतील उद्योजक स्ट्राइव्ह मासियिवा यांच्या इकोनेट समूहातील लिक्विड या कंपनीने हे सर्वांत चिकाटीने केले. दक्षिण सुदानची राजधानी जुबा २०२० च्या सुमारापर्यंत उपग्रहावरच होती. तिथे लिक्विडची फायबर युगांडातून गेली.

शेजारच्या इमारतीकडे लंडनमार्गे

केबल येण्याच्या कितीतरी आधी केनियात एक विचित्र गोष्ट रोज घडत होती. नैरोबीत एकाच रस्त्यावरील दोन कार्यालये दोन वेगळ्या इंटरनेट कंपन्यांची ग्राहक असतील, तर त्यांच्यातला ईमेल उपग्रहावरून युरोप किंवा अमेरिकेत जाई आणि दुसऱ्या उपग्रहफेरीने परत नैरोबीत येई. दोन्ही कंपन्यांचा संबंध फक्त परदेशातल्या आपापल्या घाऊक विक्रेत्याशी होता. आपापसांत जोडणीच नव्हती. दोघीही आंतरराष्ट्रीय क्षमतेचे पैसे मोजत होत्या, तेही शेजाऱ्याला पत्र पाठवण्यासाठी.

यावर उपाय म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज. सगळ्या कंपन्यांनी एका खोलीत आपापली तार आणायची, मधल्या यंत्राला जोडायची आणि देशातला डेटा देशातच एकमेकांना द्यायचा. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी साधे काम आहे. केनियातील कंपन्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये असे एक्स्चेंज सुरू केले. सरकारी टेल्कॉम केनियाने आपल्या आंतरराष्ट्रीय मक्तेदारीवर हे अतिक्रमण असल्याची तक्रार केली आणि नियामकाने ते महिनाभराच्या आतच बंद पाडले. देशाबाहेर न जाणारा डेटा आंतरराष्ट्रीय मक्तेदारीत कसा येतो, हा साधा प्रश्न पटवून द्यायला वर्ष लागले. परवाना मिळून ते २००२ च्या सुरुवातीला पुन्हा चालू झाले.

नंतर गुगलसारख्या कंपन्यांनी लोकप्रिय सामग्रीच्या प्रती नैरोबीत ठेवायला सुरुवात केली, तेव्हा एक्स्चेंजचे महत्त्व कितीतरी वाढले. इंटरनेट सोसायटीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१२ मध्ये केनियातील सुमारे ३० टक्के डेटा देशातच मिळत होता. आठ वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले आणि एक्स्चेंजमधून जाणारा डेटा सेकंदाला १ गिगाबिटवरून १९ गिगाबिट झाला. वाचलेली आंतरराष्ट्रीय क्षमता धरली तर वर्षाला ६० लाख डॉलरची बचत. एका खोलीतल्या काही यंत्रांनी साधलेला हा परिणाम पाहता, नव्या घाऊक बाजारातील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वाधिक फळ देणारी गुंतवणूक हीच म्हणावी लागेल.

आवाजाचा व्यापार

फोन कॉलचा घाऊक बाजार वेगळ्या नियमांनी चालतो. परदेशातून आलेला कॉल आपल्या ग्राहकाला जोडून देण्याचे शुल्क कंपनी घेते, आणि तो ग्राहक फक्त तिच्याच नेटवर्कवर असल्यामुळे या शुल्काला स्पर्धा नसते. अनेक आफ्रिकी सरकारांनी त्यावर आपला अधिभार लावला. भाव वाढताच आडवाट निघाली. इंटरनेटवरून कॉल देशात आणायचा आणि डझनावारी सिमकार्डे बसवलेल्या पेटीतून तो स्थानिक कॉल म्हणून पुढे सोडायचा. या पेटीला सिमबॉक्स म्हणतात. त्यात कंपनीचे शुल्क बुडते आणि सरकारचा करही.

केनिया, युगांडा आणि रवांडा यांनी २०१४-१५ मध्ये सामायिक नेटवर्क क्षेत्राचा करार केला. आपापसांतील कॉलवरचा अधिभार काढला, रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचे शुल्क रद्द केले आणि किरकोळ दराला मिनिटाला १० अमेरिकी सेंटची मर्यादा घातली. तिन्ही देशांमधले अधिकृत कॉल त्यानंतर अनेक पटींनी वाढले. सेल्टेल या कंपनीने असा प्रयोग २००६ मध्येच स्वतःच्या ग्राहकांपुरता केला होता. तीच कंपनी पुढे झैन झाली आणि तिचा आफ्रिकेतील बहुतांश व्यवसाय २०१० मध्ये भारती एअरटेलने १०.७ अब्ज डॉलरला घेतला. आता बरेचसे बोलणे व्हॉट्सॲपवर होत असल्याने आवाजाचा हा व्यापार सगळीकडे आटत चालला आहे.

रवांडाचा प्रयोग

प्रत्येक कंपनीने स्वतःचे ४जी नेटवर्क बांधण्यापेक्षा देशात एकच घाऊक नेटवर्क असावे आणि सर्वांनी त्यातून क्षमता घेऊन विकावी, असा विचार रवांडाने केला. कोरियन कंपनी केटी हिच्यासोबत स्थापन केलेल्या कंपनीला ४जीचा एकाधिकार देण्यात आला आणि २०१४ मध्ये सेवा सुरू झाली. काही वर्षांत जवळजवळ सगळी लोकवस्ती ४जीच्या कक्षेत आली. डोंगराळ, गरीब देशासाठी ही मोठीच मजल होती. पण वापर मात्र मागे पडला. एमटीएन आणि एअरटेल या मोबाइल कंपन्यांना दुसऱ्याचे ४जी विकत घेऊन विकण्यापेक्षा स्वतःचे ३जी विकण्यात जास्त नफा होता, त्यामुळे त्यांनी ४जीचा आग्रह धरला नाही. शिवाय ४जी फोन महाग होते. अखेर सरकारने हा एकाधिकार संपवला आणि २०२३ पासून मोबाइल कंपन्या स्वतःचे ४जी उभारू लागल्या. एकच घाऊक नेटवर्क व्याप्ती वेगाने वाढवते, पण विकणाऱ्यांना त्यात रस राहील अशी रचना नसेल तर ती व्याप्ती वापराविना पडून राहते.

केबल तुटल्यावर

२०२४ साली घाऊक ग्राहकांनी भावाइतकीच दुसरी एक गोष्ट पाहायला सुरुवात केली. फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्राने निकामी झालेल्या रुबीमार या मालवाहू जहाजाचा नांगर तळावरून फरफटत गेला आणि सीकॉमसह काही केबल तुटल्या. युद्धक्षेत्रात दुरुस्तीजहाज नेण्याची परवानगी मिळायलाच महिने गेले. ती दुरुस्ती बाकी असतानाच १२ मे रोजी दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्या दरम्यान सीकॉम आणि ईझी दोन्ही तुटल्या. पूर्व आफ्रिकेचा उत्तरेचा रस्ता आधीच अर्धवट बंद होता, आता दक्षिणेचाही गेला. टांझानिया, केनिया, युगांडा, रवांडा इथे इंटरनेट कित्येक तास, काही ठिकाणी काही दिवस मंदावले.

कागदावर वेगळ्या दिसणाऱ्या केबल समुद्रतळावर शेजारी-शेजारीच जातात, हे त्यातून कळले. तेव्हापासून बँका, क्लाउड कंपन्या आणि मोबाइल कंपन्या वेगळ्या भूगोलातून जाणारा मार्ग मागू लागल्या आहेत आणि त्यासाठी जादा पैसे मोजतात. मे २०२४ मध्ये गुगलने जाहीर केलेला उमोजा हा मार्ग केनियातून युगांडा, रवांडा, काँगो, झांबिया, झिम्बाब्वेमार्गे दक्षिण आफ्रिकेपर्यंत जमिनीवरून आणि तिथून समुद्राखालून ऑस्ट्रेलियाला जाणारा आहे. त्यात तांबडा समुद्र कुठेच येत नाही. जमिनीवरच्या भागात लिक्विड भागीदार आहे. मेटा आणि इतरांच्या २आफ्रिका या केबलचा आराखडा संपूर्ण खंडाला वळसा घालतो, आणि तिच्या ‘पर्ल्स’ या शाखेत मुंबईचाही समावेश आहे.

आता संधी कुठे

किनाऱ्यावरची नुसती क्षमता विकण्यात आता फारसा नफा उरलेला नाही. मोठ्या मोबाइल कंपन्यांनी हे ओळखून घाऊक व्यवसाय वेगळा काढला आहे. एअरटेल आफ्रिकेची टेलिसॉनिक आणि एमटीएनची बायोबॅब या फायबर विकणाऱ्या कंपन्या त्यातून आल्या. प्रतिस्पर्ध्यांनाही त्यांच्याकडून क्षमता घेता येते. नैरोबी आणि मोंबासातील डेटा सेंटरना मागणी आहे, कारण सामग्रीची प्रत जवळ ठेवणे दूरवरून आणण्यापेक्षा स्वस्त पडते. काँगोचा पूर्व भाग, बुरुंडी, दक्षिण सुदान इथे अजून एक-दोनच मार्ग आहेत. तिथे दुसरा किंवा तिसरा मार्ग नेणाऱ्याला चांगला भाव मिळेल आणि त्याच्या येण्याने ग्राहकाला स्वस्ताई मिळेल.

सर्वांत मोठा प्रश्न इथिओपियाचा आहे. दीर्घकाळ तिथे सरकारी इथिओ टेलिकॉम ही एकच कंपनी होती. २०२१ मध्ये सफारिकॉमच्या नेतृत्वाखालील समूहाने ८५ कोटी डॉलर भरून परवाना घेतला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सेवा सुरू केली. देशाला किनारा नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय क्षमता जिबूती, केनिया अशा शेजाऱ्यांकडूनच यावी लागते, आणि टॉवर व फायबरसाठी नव्या कंपनीला जुन्या प्रतिस्पर्ध्याशी करार करावे लागतात. अकरा कोटींहून अधिक लोकसंख्येचा हा देश या प्रदेशातील सर्वांत मोठा घाऊक ग्राहक होऊ शकतो. तो होईल का, हे सीमेवरून किती विक्रेत्यांना आत येऊ दिले जाते यावर ठरेल.